लम्पी आरएनए व्हायरस नाही, आणि व्हायरस बदलतो म्हणून लस फुकट जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जनावरांच्या साथींवर मोठा लेख आला होता तो वाचला, खरं तर दोनदा वाचला कारण पहिल्यांदा वाटलं आपलीच काहीतरी नजरचूक होतेय. लेख वाईट नव्हता हे आधीच सांगते, जनावरांच्या आजारावर पेपरात पान मिळणं हीच मोठी गोष्ट, नाहीतर आमची आठवण मेल्या कोंबड्यांचे फोटो छापायचे असले की येते. पण त्यात एक चौकट होती, आरएनए व्हायरसमुळे (म्हणजे ज्यांचा जनुकांचा मजकूर डीएनएऐवजी आरएनएवर लिहिलेला असतो) होणाऱ्या आजारांची, आणि त्यात चार नावं, लाळ्या खुरकूत, रेबीज, लम्पी आणि पार्व्हो. चारातली दोन चूक आहेत. लम्पी डीएनए व्हायरस आहे, देवीच्या घराण्यातला, शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचा सख्खा नातेवाईक, म्हणून तर त्या देवीची लस लम्पीला चालते. पार्व्हो, तो कुत्र्यांच्या पिल्लांचा, तो पण डीएनएच.

एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं, गप्प बसले असते. पण लेखाचा शेवट असा केलाय की आरएनए व्हायरस सारखे रूप बदलतात त्यामुळे लसी त्यांच्यापुढे फार टिकत नाहीत. मी धंद्याने जनावरांची डॉक्टर आहे, गोठ्यातली जनावरं पण बघते आणि कुत्री-मांजरं पण, आणि ह्या एका वाक्याने माझा आठवडा खाल्ला. सोमवारपासून तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारलं की डॉक्टर, व्हायरस बदलतोच म्हणतात, मग दरवर्षी टोचायचं कशाला. त्यातला एक रेबीजच्या लसीबद्दल विचारत होता. रेबीजच्या! तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच, लांब झालं तर कात्री तुमच्याच हातात आहे.

आधी बदलण्याची भानगड काय ती सांगते. तुमच्याकडे मजकूर छापायला जायच्या आधी कुणीतरी प्रुफं तपासतं ना, तसा आपल्या पेशींमध्ये डीएनएची नक्कल होताना तपासणारा असतो, चुकीचं अक्षर बसलं की काढून बरोबर बसवतो. बऱ्याच मोठ्या डीएनए व्हायरसकडे पण ती सोय असते, लम्पीच्या व्हायरसचा मजकूर साधारण दीड लाख अक्षरांचा, एवढा मोठा मजकूर न तपासता छापत बसला तर त्याचं चालायचंच नाही. आरएनए व्हायरसकडे बहुतेक वेळा हा तपासणारा नसतोच, नक्कल करणारं एन्झाइम धडाधड टाइप करत सुटतं आणि दहा हजार ते लाखभर अक्षरांमागे एखादी चूक करतं. लाळ्या खुरकूतचा व्हायरस सगळा मिळून साडेआठ हजार अक्षरांच्या आसपास, आणि एका आजारी गाईत त्याच्या किती अब्ज प्रती निघतात ह्याला गणतीच नाही, म्हणजे त्या गाईच्या तोंडातून गळणाऱ्या लाळेत एक व्हायरस नसतोच, थोड्या थोड्या फरकाची अख्खी जत्रा असते. (कोरोना घराण्याला मात्र स्वतःचा एक छोटा तपासनीस आहे, म्हणून त्यांना तीस हजाराच्या आसपास अक्षरं परवडतात, आरएनएमध्ये ते चांगलेच मोठे.)

इथपर्यंत तुमचा लेख बरोबर आहे. घोळ पुढे आहे. चूक होणं वेगळं आणि त्या चुकीने व्हायरसचं भलं होणं वेगळं, बहुतेक चुकांनी त्याचंच नुकसान होतं, ती प्रत निकामी निघते. लशीला चकवायचं तर व्हायरसला नेमका तो भाग बदलावा लागतो ज्याला आपली प्रतिकारशक्ती ओळखते, आणि तो बदलून पण पेशीत शिरता आलं पाहिजे. काही व्हायरसना हे जमतं, काहींना शंभर वर्षांत जमलेलं नाही, दोघेही आरएनएच आणि दोघेही टाइप करताना तेवढ्याच चुका करतात.

ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुमच्या लेखात अर्ध्या ओळीत येऊन गेलं त्याचं मला फार वाईट वाटलं. बुळकांडी. आता ज्यांचं वय झालंय त्यांनाच हा शब्द माहीत, तरण्या पोरांनी ऐकलेला पण नसतो, आणि नसतो हाच तर त्यातला आनंद आहे. जनावराला सणकून ताप, तोंडात व्रण, नाका-डोळ्यातून पाणी, मग जुलाब असे की जनावर आठ-दहा दिवसांत सुकून मरायचं, कळपच्या कळप बसायचा. १८९० च्या दशकात हा रोग आफ्रिकेत शिरला आणि तिथली ऐंशी ते नव्वद टक्के गुरं गेली, बैल नाही म्हणजे नांगर नाही, गाय नाही म्हणजे दूध नाही, इथिओपियात तर त्यामागून भयंकर दुष्काळ पडला. फ्रान्समध्ये लिओन गावात १७६१-६२ साली जगातलं पहिलं पशुवैद्यक विद्यालय निघालं ते ह्याच रोगाच्या धास्तीने, म्हणजे माझा धंदाच मुळात बुळकांडीने जन्माला घातलाय म्हणा ना. १९२० साली भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि त्यातून तिकडे साथ पसरली, मग देशादेशांनी मिळून १९२४ मध्ये पॅरिसला जनावरांच्या रोगांची जागतिक संघटना काढली, माणसांसाठीची डब्ल्यूएचओ त्यानंतर चोवीस वर्षांनी आली, हे मी माणसांच्या डॉक्टरांना मुद्दाम सांगते.

तर ही बुळकांडी आरएनए व्हायरसचीच. माणसातल्या गोवराचा जवळचा नातेवाईक. तुमच्या लेखाच्या हिशोबाने ह्याच्यावर लस टिकायला नको होती. वॉल्टर प्लॉराइट नावाच्या इंग्रज पशुवैद्याने केनियात १९६० च्या सुमारास वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर हा व्हायरस पुन्हा पुन्हा, साधारण नव्वद वेळा वाढवला, तोवर त्याची रोग करायची ताकद गेली पण ओळख तीच राहिली, आणि ती लस एकदा टोचली की जनावराला बहुधा जन्मभर पुरायची. पुढे उन्हातान्हात महिनाभर बिनफ्रिजची टिकेल अशी तिची सुधारलेली आवृत्ती निघाली, मग जिथे रस्ताही नाही तिथे गुराखीच पाठीवर घेऊन गेले आणि टोचून आले. शेवटची केस २००१ मध्ये केनियात सापडली, आणि २०११ मध्ये जाहीर झालं की बुळकांडी पृथ्वीवरून गेली. माणसातली देवी आणि जनावरातली बुळकांडी, आजवर हे दोनच रोग असे मुळापासून उपटलेत, आणि त्यातला एक आरएनए व्हायरस आहे. इतकी वर्षं एवढ्या गुरांमधून फिरला, टाइप करताना अब्जावधी चुका केल्या असतील, तरी त्याला लशीतून सुटायची वाट सापडली नाही. कारण पेशीला चिकटायचा त्याचा जो हात आहे तो बदलला की चिकटणंच जमत नाही. शिवाय तो बऱ्या झालेल्या जनावरात लपून राहायचा नाही, म्हणजे जनावर एकतर मरायचं नाहीतर कायमचं सुटायचं. त्याचाच भाऊ पीपीआर, शेळ्या-मेंढ्यांचा, त्याला २०३० पर्यंत तसाच घालवायचं जगाने ठरवलंय, होतं का बघू, शेळ्या किती पटापट वितात आणि कळपात नवीन करडं किती येतात ते बघता हे काम गाईंपेक्षा अवघड आहे असं माझं मत.

कुत्र्यांमधला डिस्टेंपर पण ह्याच घरातला. इतका जवळचा की एके काळी लहान पिल्लांना माणसांची गोवराची लस द्यायचे आणि ती चालायची. हा व्हायरस दुसऱ्या प्राण्यांत उडी मारण्यात मात्र पटाईत, १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत ह्याने जवळजवळ एक तृतीयांश सिंह मारले, हजाराच्या घरात. पण कुत्र्यांना द्यायची लस अजून नीट काम करते. कोंबड्यांची मानमोडी घ्या, ज्याला राणीखेत म्हणतात, त्याच्या लासोटा लशीचं बियाणं १९४० च्या दशकातलं आहे आणि आजही जगभर तेच वापरतात. आणि रेबीज, ज्याच्या लसीबद्दल त्या एकाने विचारलं, पाश्चरने १८८५ मध्ये पहिल्या मुलाला टोचलं तेव्हा व्हायरस म्हणजे काय हेही कुणाला माहीत नव्हतं, तेव्हापासून लस बनवायची पद्धत पार बदलली पण कुत्र्याच्या रेबीजने लशीला चकवलंय असं झालेलं नाही. दरवर्षी जगात साधारण ५९ हजार माणसं रेबीजने जातात असा अंदाज आहे आणि त्यातली ९९ टक्के कुत्र्याच्या चावण्याने, ती व्हायरस बदलला म्हणून जात नाहीत, कुत्र्याला टोचलेलं नसतं आणि चावलेल्या माणसाला वेळेत टोचलं जात नाही म्हणून जातात. एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना दरवेळी लस पोचली तर साखळी तुटते. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ मध्ये तर कोंबड्यांच्या मुंडक्यांमध्ये लस भरून जंगलात टाकली होती, कोल्ह्यांनी खाल्ली आणि टोचायचं कामच वाचलं, मला हे फार आवडतं, कोल्ह्याला पकडून सुई कोण मारणार.

आता दुसरी बाजू, कारण उद्या कुणी म्हणेल डॉक्टरीण लशीची एजंट आहे.

लाळ्या खुरकूत. हा खरोखर चकवणारा आहे, आणि लशीबद्दलच्या तक्रारी बहुतेक ह्याच्यावरून येतात, त्यातल्या बऱ्याच रास्त असतात. प्राण्यांमधला हा पहिला व्हायरस जो व्हायरस म्हणून ओळखला गेला, १८९८ मध्ये लोफ्लर आणि फ्रॉश ह्या दोन जर्मन माणसांनी दाखवलं की बॅक्टेरिया अडवणाऱ्या गाळणीतूनही रोगाचं कारण खाली उतरतं. ह्याचे सात प्रकार, ओ, ए, सी, एशिया-१ आणि आफ्रिकेतले तीन सॅट, त्यातला सी २००४ नंतर कुठे दिसलेला नाही. एका प्रकाराची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला चालत नाही, आणि एकेका प्रकाराच्या आत पण इतक्या पोटजाती की ए ची लस दुसऱ्या ए ला पुरेशी पडेलच असं नाही. त्यात भर म्हणजे ही लस मारलेल्या व्हायरसची असते, तिचा असर चार-सहा महिने, म्हणून वर्षातून दोनदा टोचावं लागतं, आणि लस सतत थंड ठेवायची साखळी कुठे तुटली तर लशीतले कण फुटून जातात आणि टोचलं काय न टोचलं काय सारखंच. मग गोठ्यात रोग येतो आणि माणूस म्हणतो लस फेल गेली. गेलीच असते त्याच्यापुरती, पण कशाने गेली, प्रकार जुळत नव्हता, उशीर झाला होता, का बाटली गरम झाली होती, हे बघायला कुणी नमुना पाठवत नाही आणि सगळं व्हायरस बदलला ह्या एका वाक्यात गुंडाळलं जातं. माझ्या अनुभवात आधी बाटलीवर संशय घ्यावा.

शिवाय हा लपतो पण. बरी झालेली गाय घशाच्या मागच्या भागात व्हायरस महिनोन्महिने, कधी काही वर्षं बाळगून असते. आणि पसरतो तर असा की १९८१ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी भागातून वाऱ्यावर बसून समुद्र ओलांडून अडीचशे किलोमीटरवरच्या आइल ऑफ वाइट बेटावर पोचला, तिथल्या गाईंना झाला. डुकरं श्वासातून हा व्हायरस भरमसाट सोडतात आणि गाईंना अगदी थोडा पुरतो, दोघं आजूबाजूला असली की संपलंच. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये साथ आली तेव्हा त्यांनी न टोचता मारायचं ठरवलं, साठ लाखांहून जास्त जनावरं मारली, त्यातली बरीचशी निरोगी होती. टोचलं की रक्तात अँटिबॉडी दिसते आणि मग हे जनावर रोगी होतं का नुसतं टोचलेलं हे सांगता येत नाही, मांस परदेशात विकता येत नाही, ही त्यामागची मोठी अडचण. आता व्हायरस पेशीत वाढतानाच जी प्रथिनं बनतात, आणि चांगल्या शुद्ध केलेल्या लशीत नसतात, त्यांची तपासणी करून फरक कळतो, म्हणून पुन्हा तेवढं मारावं लागेल असं वाटत नाही. निदान वाटू नये.

तर बदलून चकवणारा एक. पण न बदलता चकवणारा पण असतो आणि तो मला जास्त धूर्त वाटतो. गाईंमध्ये बीव्हीडी नावाचा व्हायरस आहे, ह्याचं नाव पेपरात कधी येत नाही कारण ह्याने कळप धाडकन मरत नाही, नुसतं गाई उलटतात, गाभ पडतं, वासरं खुरटी निघतात. गाय गाभण असताना पहिल्या चारेक महिन्यांत हा लागला तर आतल्या वासराची प्रतिकारशक्ती तेव्हा तयारच होत असते, आपलं कोण परकं कोण हे शिकत असते, तेवढ्यात हा आत असतो म्हणून त्याला घरचाच धरून बसते. ते वासरू जन्मतं, कधी कधी दिसायला अगदी चांगलं, आणि जन्मभर लाळेतून, शेणातून, नाकातून व्हायरस सोडत राहतं, त्याच्या स्वतःच्या रक्तात त्या व्हायरसविरुद्ध अँटिबॉडी नसते. तुम्ही गोठा धुवा, औषधं करा, बाकीच्या गाई बदला, ते वासरू आहे तोवर काही उपयोग नाही. कानाचा एवढासा तुकडा तपासला की सापडतं. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड ह्यांनी १९९० च्या दशकापासून नुसतं असं शोधून, ती जनावरं कळपाबाहेर काढून हा रोग घालवला, लस न वापरता. गंमत बघा, बदलणाऱ्या व्हायरसपुढे लस टिकत नाही म्हणणाऱ्याला हे उदाहरण वापरता येईल, पण इथे लशीची गरजच लागली नाही.

मांजरांच्या एफआयपीबद्दल तर लेखात काहीच नव्हतं, आणि आरएनए व्हायरस खरंच जनावराच्या अंगात बदलतो ह्याचं त्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मांजरांचा कोरोना साधा असतो, जिथे खूप मांजरं एकत्र तिथे जवळजवळ सगळ्यांना होऊन जातो, थोडे जुलाब नाहीतर तेही नाही. पण काही थोड्या मांजरांमध्ये, बऱ्याचदा दोन वर्षांच्या आतल्या, हा आतल्या आत बदलतो, आतड्याच्या पेशी सोडून रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये राहायला शिकतो, मग पोटात पाणी, ताप उतरत नाही, डोळे, मेंदू, हाच एफआयपी. म्हणजे शेजारच्या मांजराकडून आजार येत नाही, साधा व्हायरस येतो आणि आजार ते मांजर स्वतः बनवतं. मी ह्या धंद्यात आले तेव्हा एफआयपी म्हणजे मालकाला बाजूला घेऊन बोलायची गोष्ट होती. मग २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातून निकाल आले, जीएस-४४१५२४ नावाचं औषध, ३१ आजारी मांजरांना दिलं त्यातली २५ जगली, काहींना पुन्हा पुन्हा द्यावं लागलं पण जगली. ह्याच औषधाचं दुसरं रूप म्हणजे कोविडमध्ये गाजलेलं रेमडेसिव्हिर. हे औषध काय करतं तर त्या धडाधड टाइप करणाऱ्या एन्झाइमला खोटं अक्षर देतं आणि नक्कल मध्येच अडकते. नंतर २०२३ मध्ये सायप्रसमध्ये मांजराच्या आणि कुत्र्याच्या कोरोनाची सरमिसळ होऊन एक नवा निघाला तो मात्र मांजराकडून मांजराला थेट लागायला लागला, खूप मांजरं गेली, आणि तिथल्या सरकारने माणसांच्या कोविडसाठी ठेवलेल्या गोळ्या मांजरांना द्यायला परवानगी दिली. ह्या व्हायरसवर भरवशाची लस अजून नाही हे मान्य, पण औषध आहे.

फ्लूबद्दल थोडंच लिहिते कारण तुमच्या लेखात त्यावर बरंच होतं. फक्त एक राहून गेलं. फ्लूच्या व्हायरसचा मजकूर एका पट्टीवर नसतो, आठ सुट्या तुकड्यांत असतो, म्हणून एका पेशीत दोन वेगवेगळे फ्लू घुसले तर पत्ते पिसल्यासारखे तुकडे अदलाबदल होतात आणि एका रात्रीत भलताच व्हायरस तयार होतो. ही नुसती टायपिंगची चूक म्हणता येत नाही. आणि मुक्काम बदलायला कधी कधी तेवढंही लागत नाही, २००४ मध्ये अमेरिकेत शर्यतीच्या कुत्र्यांमध्ये घोड्यांचा फ्लू सगळाच्या सगळा आला आणि कुत्र्यांचाच होऊन बसला. २०२४ च्या मार्चमध्ये तिथेच दुभत्या गाईंमध्ये एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू, सापडला, तोही कासेत, आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की गाईंना हा फ्लू होत नाही म्हणून धरा. दूध काढायच्या मशीनमधून एका गाईचा दुसरीला गेला असं दिसतं, आणि गोठ्यातली मांजरं न तापवलेलं दूध पिऊन मेली. दूध पाश्चराइझ केलं की हा मरतो.

परत पार्व्होकडे येते, कारण तुमच्या चौकटीतली चूक मला एका अर्थाने फार सोयीची आहे. पार्व्हो डीएनए असून त्याचा बदलायचा वेग जवळजवळ आरएनए व्हायरसइतका आहे, १९७८ मध्ये जगात पसरला आणि थोड्याच वर्षांत पहिलं रूप जाऊन २ए, मग २बी, मग २सी अशी रूपं आली. तरी जुन्या रूपाची लस नव्या रूपांना चालते. म्हणजे आरएनए म्हणजे बदलणारा आणि डीएनए म्हणजे स्थिर हे पण नीट बसत नाही, आणि बदलला म्हणजे लस गेली हे तर त्याहून बसत नाही.

मग टोचलेली पिल्लं पार्व्होने किंवा डिस्टेंपरने का दगावतात, हा प्रश्न मला महिन्यातून चार वेळा येतो आणि उत्तर आईच्या दुधात असतं. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवशी जे चिकाचं दूध पितं त्यातून आईच्या अँटिबॉडी मिळतात, त्या पिल्लाला वाचवतात, पण लशीतल्या व्हायरसलाही मारून टाकतात, कारण त्यांना काय माहीत हा चांगला का वाईट. त्या हळूहळू ओसरतात, कुणाच्या सहाव्या आठवड्याला, कुणाच्या सोळाव्याला, एकाच पोटच्या दोन भावंडांचं पण वेगळं असतं, ज्याने जास्त दूध ओढलं त्याचं उशिरा. म्हणून सहा-आठ आठवड्यांना सुरू करून सोळा आठवडे होईपर्यंत दोन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा टोचतात. लोकांना वाटतं पहिला डोस मुख्य आणि बाकीचे वरचे, पुढचे टाळले तरी चालतील, आणि प्रत्यक्षात शेवटचा, सोळा आठवड्यांनंतरचाच, सगळ्यात महत्त्वाचा. एक ताई आल्या होत्या, दोन डोस झाले म्हणून अकराव्या आठवड्याला पिल्लू सगळ्यांच्यात खेळायला सोडलं, चौदाव्याला डिस्टेंपर. त्या मला म्हणाल्या व्हायरस बदललाय ना हो आता. त्यांच्या हातात तुमच्या पेपराचं कात्रण नव्हतं, लेख तेव्हा आलेला नव्हता, पण वाक्य तेच होतं. त्यांना तेव्हा मी काही समजावत बसले नाही, पिल्लाला झटके येत होते.

अजून एक, पटकन. लेखात गोठा आणि भांडी सॅनिटायझरने पुसा म्हटलंय. रेबीज, डिस्टेंपर, फ्लू, कोरोना ह्यांच्या अंगावर चरबीचं आवरण असतं ते साबणाने किंवा अल्कोहोलने फुटतं, इथपर्यंत ठीक. लाळ्या खुरकूत आणि मांजरांचा कॅलिसी ह्यांना ते आवरणच नाही, अल्कोहोल त्यांना फारसं लागत नाही. लाळ्या खुरकूतला आंबट नाहीतर खारं काहीतरी पाहिजे, सायट्रिक ॲसिड किंवा धुण्याच्या सोड्याचं चार टक्क्यांचं पाणी, आणि त्याच्या आधी शेण खरवडून काढा, शेणावर काही ओतलं तरी खाली व्हायरस आरामात असतो. आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही हे तुम्ही छापलंत त्याबद्दल आभार, आम्ही देतो ते वरून बॅक्टेरिया चढू नये म्हणून, तेही प्रत्येक वेळी लागतंच असं नाही, तिव्यात (गाईंचा तीन दिवसांचा ताप) तर बहुतेक गाई तिसऱ्या दिवशी आपल्या आपण उठतात आणि श्रेय आमच्या इंजेक्शनला मिळतं.

पुढच्या रविवारी एवढी दुरुस्ती छापा ही विनंती, शक्यतो चौकट होती त्याच पानावर, आतल्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नको. चारच नावं ठेवायची असतील तर लम्पीच्या जागी तिवा आणि पार्व्होच्या जागी डिस्टेंपर घाला, जागा तेवढीच लागेल.

आपली,
एक नियमित वाचक, जनावरांची डॉक्टर